अर्धवट वितळलेला दगड आणि उभे राहिलेले पर्वत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भूपट्ट, ज्वालामुखी आणि पर्वत या विषयांवर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, दगड वितळतो म्हणजे नेमके काय होते. त्यामुळे एका उत्तराचा धागा पुढच्या उत्तरात सापडेल. तापमाने सगळीकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

सोलापूरहून भूगोलाच्या एक शिक्षिका विचारतात : "भूकवचाखाली शिलारसाचा महासागर आहे आणि भूपट्ट त्यावर तरंगतात, असे दहावीची मुले हमखास लिहितात. गुण द्यावेत का?"

महासागराला देऊ नयेत. भूकवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घन आहे, आणि याचा पुरावा भूकंपच देतात. भूकंपाच्या दुय्यम लहरी पुढे जाताना दगडाला आडवे हलवतात. द्रवाला असा आडवा ताण पेलता येत नाही, म्हणून द्रवातून या लहरी जात नाहीत. प्रावरणातून मात्र त्या सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत व्यवस्थित जातात आणि बाह्य गाभ्यापाशी अडतात. म्हणजे पृथ्वीच्या पोटातला खरा द्रव थर २,९०० किलोमीटरच्या खाली आहे. तो लोखंड आणि निकेलचा आहे, ज्वालामुखीच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही.

मुलांची अडचण अशी, की घन वस्तू वाहू शकते हे त्यांना पटत नाही. ऑलिव्हिन हे प्रावरणातले मुख्य खनिज. १,३०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या त्याच्या स्फटिकात अणूंच्या ओळी एकेक करून सरकत राहतात. स्फटिक तुटत नाही, वितळतही नाही, पण आकार बदलतो. अशा रीतीने प्रावरण वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने सरकते. शिलारस तयार होतो तो ठरावीक ठिकाणीच, आणि तिथेही दगडाचा थोडाच भाग वितळतो.

दुसरी चूक याहून जास्त सर्रास दिसते. भूपट्ट म्हणजे भूकवच असे समजले जाते. महासागराखाली भूकवच जेमतेम ६–७ किलोमीटर जाडीचे असते, पण भूपट्ट तिथे १०० किलोमीटरच्या आसपास जाड असू शकतो. कारण प्रावरणाचा वरचा, थंड आणि ताठर भागही त्याच्यासोबतच सरकतो. मुलांना लिहायला एक नेमके वाक्य द्यायचे तर असे द्या : "भूकवच आणि त्याला चिकटलेले ताठर प्रावरण मिळून भूपट्ट होतो, आणि तो त्याखालच्या तापलेल्या, घन पण संथपणे वाहणाऱ्या प्रावरणावरून सरकतो."

पुण्याहून भूशास्त्राचा एक विद्यार्थी : "ऑलिव्हिन १,८९० अंशांना वितळते. वरच्या प्रावरणाचे तापमान १,३५० च्या आसपास सांगतात. मग महासागराच्या मध्यावरच्या पर्वतरांगांखाली शिलारस तयार होतो तो कसा? तिथे जास्तीची उष्णता कुठून येते?"

जास्तीची उष्णता येतच नाही. हा प्रश्न सविस्तर उत्तराचा आहे, कारण पृथ्वीवरचा सर्वाधिक शिलारस याच पद्धतीने तयार होतो.

आधी १,८९० चा आकडा पाहू. तो शुद्ध मॅग्नेशियम ऑलिव्हिनचा आहे, एकट्या खनिजाचा. खनिजे एकमेकांना लागून असली की त्यांच्या सीमेवर दोघांच्या वितळणबिंदूंपेक्षाही खाली वितळण सुरू होते. एन. एल. बोवेन यांनी १९१५ साली डायॉप्साइड आणि अनॉर्थाइट या दोन खनिजांवर केलेले प्रयोग याचे उत्तम उदाहरण आहेत. डायॉप्साइड एकटे १,३९१ अंशांना वितळते आणि अनॉर्थाइट १,५५३ अंशांना. दोन्ही मिसळली की १,२७४ अंशांनाच पहिला द्रव दिसतो. प्रावरणाचा खडक, म्हणजे पेरिडोटाइट, हा ऑलिव्हिन, दोन प्रकारची पायरॉक्सिन आणि एक ॲल्युमिनियमयुक्त खनिज यांचे मिश्रण आहे. कोरड्या पेरिडोटाइटमध्ये पहिला द्रव पृष्ठभागावरच्या दाबाला सुमारे १,१२० अंशांना तयार होतो. म्हणून एका खनिजाचा वितळणबिंदू खडकाला लावणे ही पहिली चूक.

आता दाब. खोल जावे तसा दाब वाढतो आणि वितळण सुरू होण्याचे तापमानही वाढते. ५० किलोमीटरवर ते सुमारे १,३१० अंश असते, ७० किलोमीटरवर १,३७५, १०० किलोमीटरवर १,४७०. दुसरीकडे, वर सरकणारा प्रावरणाचा खडक इतका जाड असतो की त्यातली उष्णता बाजूला निसटत नाही. दाब कमी झाल्याने तो थोडा प्रसरण पावतो आणि दर किलोमीटरला जेमतेम ०.४ अंशाने थंड होतो. या दोन रेषा कागदावर काढून पाहा.

१०० किलोमीटरवर खडकाचे तापमान सुमारे १,३९० आणि वितळायला हवेत १,४७०. खडक घट्ट आहे. ७० किलोमीटरवर तापमान १,३७८ आणि हवेत १,३७५. इथे पहिले थेंब. ५० किलोमीटरवर वितळण्याची मर्यादा १,३१० वर उतरलेली असते. खडक वितळायला उष्णता खर्चावी लागते आणि ती त्याच्या स्वतःच्या साठ्यातूनच जाते, त्यामुळे तो १,३७० वर न राहता थोडा थंड होतो. अशा हिशेबाने साधारण दर तीन किलोमीटर चढाईला एक टक्का खडक वितळतो.

पुढचा हिशेब फार समाधान देणारा आहे. ७० किलोमीटरवर शून्य टक्के आणि अगदी वर पोहोचेपर्यंत २० टक्के, म्हणजे त्या सगळ्या स्तंभाची सरासरी १० टक्के. साधारण ६५ किलोमीटर उंचीच्या स्तंभाचे १० टक्के म्हणजे साडेसहा किलोमीटर जाडीचा शिलारस. महासागराखालच्या भूकवचाची मोजलेली जाडी ६–७ किलोमीटर आहे. प्रयोगशाळेतल्या भट्टीचे आकडे आणि समुद्रतळावरच्या भूकंपीय मोजण्या अशा एकमेकांना येऊन भेटतात.

राहिला प्रश्न, की खडक वर का सरकतो. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि मधली जागा भरायला खालचे प्रावरण वर येते. भूपट्ट दूर गेल्यामुळे शिलारस तयार होतो. शिलारसाने त्यांना ढकलून बाजूला सारले, असे चित्र पुस्तकांत अजून दिसते, पण ते उलटे आहे. भूपट्टांना मुख्यतः ओढतो तो त्यांचाच दुसऱ्या टोकाला खाली बुडणारा, थंड आणि जड भाग.

नाशिकहून एक वाचक : "बेसॉल्ट प्रावरणातून आला असेल, तर प्रावरणही बेसॉल्टचेच असायला हवे ना?"

पूर्ण वितळले असते तर हो. प्लॅस्टिकच्या नळीतली रंगीत पेप्सी मुले चोखतात तेव्हा साखर आणि रंग आधी ओढले जातात आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. प्रावरणाचेही तसेच आहे. पहिल्या द्रवात सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि लोखंड तुलनेने जास्त जातात आणि मॅग्नेशियम बहुतांशी मागे राहते. पेरिडोटाइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड ३८ टक्क्यांच्या आसपास असते, त्यातून निघालेल्या बेसॉल्टमध्ये ते सहसा १० टक्क्यांच्या आत असते. सिलिका ४५ वरून ५० टक्क्यांच्या आसपास जाते.

ज्या मूलद्रव्यांना प्रावरणाच्या स्फटिकांत जागाच मिळत नाही, त्यांच्या बाबतीत फरक खूपच मोठा होतो. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम ही त्यातली. खडक १० टक्के वितळला तर ती द्रवात जवळजवळ दहापट दाट होतात, १ टक्काच वितळला तर शंभरपटीच्या जवळ. म्हणून लाव्ह्याच्या तुकड्यातले हे प्रमाण मोजून खाली किती टक्के वितळण झाले होते, याचा अंदाज बांधता येतो.

द्रव इतका थोडा असताना बाहेर कसा पडतो, हेही पुष्कळ जण विचारतात. तो थेंबांच्या रूपात अडकून राहत नाही. स्फटिकांच्या कडांना धरून एकमेकांना जोडलेल्या बारीक वाटा तयार करतो, आणि भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर झिरपतो. बेसॉल्टी द्रवाची घनता दर घनसेंटिमीटरला २.७–२.८ ग्रॅम, पेरिडोटाइटची सुमारे ३.३. एक-दोन टक्के द्रवसुद्धा असा वेगळा होऊ शकतो.

हीच क्रिया पुन्हा घडली की पुढचा टप्पा येतो. पाणी मुरलेला बेसॉल्टी खडक पुन्हा अंशतः वितळला की सिलिका आणखी वाढलेला, ग्रॅनाइटाकडे झुकणारा द्रव निघतो. ग्रॅनाइटात सिलिका ७० टक्क्यांच्या पुढे असते. खंडांचे हलके, न बुडणारे कवच अशा वारंवार झालेल्या गाळणीतून जमले आहे.

रत्नागिरीहून : "अंदमानजवळच्या बॅरन बेटावर ज्वालामुखी आहे. तिथे तर थंड समुद्रतळ खाली बुडतो म्हणतात. थंड वस्तू आत गेल्यावर वितळण कसे?"

पाण्यामुळे. समुद्रतळाच्या खडकात भेगांतून शिरलेले पाणी खनिजांच्या रचनेत बांधले जाते. सर्पेंटाइन या खनिजाच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी असते. असा समुद्रतळ खाली उतरत गेला की दाब आणि तापमान वाढून ही खनिजे मोडतात आणि पाणी सुटते. ते वरच्या तापलेल्या प्रावरणात चढते, आणि ज्या पेरिडोटाइटला कोरडे असताना १,४०० पेक्षा जास्त अंश लागले असते, तो १,००० च्याही खाली वितळू लागतो. बुडणारा थंड पट्ट स्वतः सहसा वितळत नाही, तो वरच्या प्रावरणाला पाणी पुरवतो.

म्हणून अशा ज्वालामुखींच्या रांगा, समुद्रतळ जिथे बुडू लागतो त्या सागरी खंदकापासून काही अंतर आत असतात, जिथे बुडणारा पट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोहोचलेला असतो. अँडीज, जपान, सुमात्रा सगळीकडे हेच दिसते. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटरवरचे बॅरन बेट याच साखळीतले आहे. दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये ते जागे झाले आणि त्यानंतरही अधूनमधून उद्रेक होत आले आहेत. अँडीजचे ज्वालामुखी जास्त स्फोटक असतात त्याचे कारणही विरघळलेले पाणीच. वर येताना दाब उतरतो, पाण्याची वाफ होते आणि दाट शिलारसातून ती सहज सुटू शकत नाही.

ठाण्याहून एक गिर्यारोहक : "गोमुखाच्या पुढे तपोवनात शिवलिंग शिखराखाली पांढराशुभ्र ग्रॅनाइट पाहिला. काळ्या सुयांसारखी खनिजेही दिसली. हिमालयात तर ज्वालामुखी नाहीत. मग हा ग्रॅनाइट वितळला कधी आणि कशाने?"

काळ्या सुया तुर्मलीनच्या. पांढऱ्या दगडात चकाकणारे पापुद्रे दिसले असतील तर ते मस्कोव्हाइट, म्हणजे पांढरे अभ्रक, आणि लालसर दाणे असतील तर गार्नेट. हा सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. भागीरथी शिखरेही त्याचीच. यात प्रावरणातून आलेला शिलारस जवळपास नाही. भारताच्या जुन्या उत्तर किनाऱ्यावर साचलेला चिखल आणि वाळू, टक्करीत खाली गाडली जाऊन रूपांतरित झालेली आणि मग अंशतः वितळलेली, असा त्याचा जन्म आहे.

क्रम असा. भारत आणि युरेशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. त्याआधी भारत वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उत्तरेला येत होता, टक्करीनंतर तो वेग घटत आज ५ सेंटिमीटरच्या आत आला. मधला टेथिस समुद्र मिटला. त्याच्या तळावरचे चुनखडक आज ८,८४८.८६ मीटर उंचीच्या एव्हरेस्टच्या माथ्यावर आहेत. खंडाचे कवच हलके असल्याने प्रावरणात बुडू शकले नाही, ते तुटून एकावर एक सरकले आणि जाड झाले.

किती जाड, याचा ताळा घरी करता येतो. खंडाच्या कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरा. तिबेटची सरासरी उंची ५ किलोमीटर. ही उंची तोलून धरायला खाली मूळ लागते : ५ गुणिले २.८, भागिले घनतांमधला फरक ०.५, उत्तर २८ किलोमीटर. सामान्य कवच ३८ किलोमीटरचे, वर ५ आणि खाली २८, एकूण ७१. भूकंपाच्या लहरींनी मोजलेली जाडी ७० च्या आसपास आहे. उंच पर्वत खाली किती खोल गेलेला असतो, ते यावरून कळते.

आता उष्णता. जाड झालेल्या कवचात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम जास्त जमलेले असतात आणि त्यांच्या किरणोत्सर्गाने खडक आतूनच तापतो. ग्रॅनाइटसारख्या खडकात, उष्णता बाहेर पडलीच नाही असे धरले, तर दहा लाख वर्षांत सुमारे २० अंश वाढतात. प्रत्यक्षात काही उष्णता निसटते. शिवाय दगड उष्णतेचा मंद वाहक आहे. ३० किलोमीटर जाडीच्या खडकातून उष्णतेतला बदल पसरायला जवळजवळ ३ कोटी वर्षे लागतात. म्हणून टक्कर ५ कोटी वर्षांपूर्वीची आणि बहुतेक पांढरा ग्रॅनाइट अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीचा, हे अंतर पडले.

तापमान ७०० अंशांच्या आसपास पोहोचले की अभ्रक मोडते. मस्कोव्हाइटच्या वजनात ४ टक्क्यांहून थोडे जास्त पाणी बांधलेले असते. ते सुटते आणि ताबडतोब शेजारच्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारला वितळवण्यात खर्ची पडते. मागे सिलिमनाइट आणि नवे फेल्डस्पार उरतात. अभ्रक जितके, तितकेच पाणी आणि तितकेच वितळण. त्यामुळे सहसा खडकाचा दहा-पंधरा टक्के भागच द्रव होतो. अभ्रक संपले की वितळण जवळपास थांबते, पुढे तापमान बरेच वाढून काळे अभ्रक मोडेपर्यंत.

ही क्रिया अर्ध्यावर थिजलेली पाहायची असेल, तर बद्रीनाथच्या वाटेवरच्या उंच भागातले नीस खडक बघा. पांढरे आणि काळे पट्टे एकमेकांत गुरफटलेले असतात. पांढरा पट्टा म्हणजे वितळून गोळा झालेला भाग, त्याच्या काठाने असलेली काळी किनार म्हणजे न वितळलेला उरलेला भाग. पट्टे दिसले म्हणजे वितळणच झाले, असे मात्र समजू नये. नुसत्या दाबानेही खनिजे पट्ट्यांत रचली जातात. पांढऱ्या पट्ट्यातले दाणे मोठे, कुठल्याच एका दिशेला न वळलेले आणि काळी किनार स्पष्ट असेल, तर वितळणाची शक्यता जास्त.

आणि ज्वालामुखी का नाही? या द्रवात पाणी विरघळलेले असते आणि तेच त्याला अडवते. पाण्याने संपृक्त ग्रॅनाइटी द्रव १५–२० किलोमीटर खोलीच्या दाबाला ६५० अंशांनाही द्रव राहतो. वर येताना दाब उतरला की पाणी द्रवाबाहेर निसटते, गोठण्याचे तापमान ७०० च्या वर चढते आणि द्रव वाटेतच थिजतो. कोरड्या बेसॉल्टचे याच्या अगदी उलट आहे. तो वर येतो तसा वितळलेला राहणे सोपे होते, म्हणून तो पृष्ठभागावर पसरतो. शिवलिंगाचा ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटरवर गोठला आणि वरचे खडक झिजून, सरकून गेल्यावर उघडा पडला. दक्षिण तिबेटखाली १५–२० किलोमीटरवर आजही काही प्रमाणात वितळलेला खडक असल्याच्या खुणा १९९० च्या दशकातल्या भूकंपीय मोजण्यांत मिळाल्या आहेत.

लडाखला जाणार असाल तर तिथल्या ग्रॅनाइटाशी तुलना करा. लेहच्या मागच्या डोंगरांतला ग्रॅनाइट करडा आहे, त्यात हॉर्नब्लेंडचे काळे दाणे आहेत, तुर्मलीन सहसा नाही. तो टक्करीच्या आधीचा, टेथिसचा समुद्रतळ बुडत असतानाचा. म्हणजे आज अँडीजखाली जे चालले आहे, ते तेव्हा तिथे चालले होते. एकाच पर्वतप्रदेशात दोन पद्धतींचे ग्रॅनाइट काही दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर पाहायला मिळतात, ही संधी सोडू नये.

साताऱ्याहून : "सह्याद्री कुठल्या टक्करीने उभा राहिला?"

कुठल्याच नाही. सह्याद्रीत घड्या नाहीत. महाबळेश्वरच्या कड्यांवरचे बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत, टक्कर झाली असती तर ते मुडपले असते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या, प्रावरणातून वर येणाऱ्या तप्त स्तंभावरून भारत जात असताना हे लाव्हे भेगांतून पसरले. मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळातच बाहेर पडला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग त्यांनी व्यापला आहे. वरच्या उत्तरातला हिशेब इथे लावून पाहा : प्रावरण नेहमीपेक्षा १५० अंश जास्त तापलेले असेल, तर पहिले थेंब ७० ऐवजी सुमारे १२० किलोमीटरवरच दिसतात. वितळणाचा पट्टा जवळपास दुप्पट उंचीचा होतो.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण ५–७ टक्केच आढळते. प्रावरणातून थेट निघालेल्या द्रवापेक्षा हे कमी आहे. याचा अर्थ शिलारस भूकवचात मुक्काम करून, ऑलिव्हिनसारखे जड स्फटिक मागे टाकून मग वर आला.

पश्चिमेचा कडा हा पठाराचा झिजत मागे सरकलेला काठ आहे. लाव्हे पसरल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला, किनारा तयार झाला आणि तिथून नद्या पठार कुरतडू लागल्या. झीज झाली की भार हलका होऊन काठ थोडा उचललाही जातो. कळसूबाईसारखी १,६४६ मीटरची शिखरे म्हणजे झिजताना उरलेले भाग. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसतात, कारण घट्ट थराचा कडा होतो आणि पोकळ्यांच्या मऊ थराची सपाटी.

या बेसॉल्टखाली जुना ग्रॅनाइट आणि नीस आहेच. कोयना भागात यंत्राने पाडलेल्या एका खोल विवरात ९३३ मीटरवर, तर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विवरात ३३८ मीटरनंतर बेसॉल्ट संपला. तो जुना खडक उघड्यावर पाहायचा तर गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नांदेडमधला देगलूरकडचा भाग किंवा सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग गाठावा लागेल.

सांगलीहून एक पालक : "मुलीने आणलेला दगड बेसॉल्ट की ग्रॅनाइट, हे घरी कसे ओळखावे?"

ताजा फुटलेला पृष्ठभाग बघा, बाहेरची साल फसवते. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ग्रॅनाइटात दाणे सुटे ओळखू येतात : काचेसारखे क्वार्ट्झ, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पार, चमकते अभ्रक. बेसॉल्टचा पोत इतका बारीक की दाणे वेगळे दिसत नाहीत.

मग घनता मोजा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल. कोरड्या दगडाचे वजन करा. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर दगडाचे आकारमान. ५६० ग्रॅमच्या दगडाला काट्याने १९५ दाखवले, तर घनता २.८७. ग्रॅनाइट २.६ ते २.७, घट्ट बेसॉल्ट २.८ ते ३.०. दगड किमान २०० ग्रॅमचा घ्या, लहान तुकड्यात एका ग्रॅमची चूकही मोठी ठरते.

उत्तर चुकते ते बहुधा तीन कारणांनी : दगड तळाला टेकला, पृष्ठभागाला हवेचे बुडबुडे चिकटले, किंवा बेसॉल्टमध्ये पोकळ्या अथवा झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले होते. झिओलाइटची घनता २.१ ते २.४ असल्याने असा बेसॉल्ट ग्रॅनाइटाहूनही हलका भरू शकतो. अशा वेळी भिंगावरच भिस्त ठेवा. आणि ओट्यावरचा "काळा ग्रॅनाइट" नमुना म्हणून वापरू नका. ते बाजारातले नाव आहे, दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे बेसॉल्टच्याच घराण्यातला. कडाप्पा तर चुनखडक आहे.

कोल्हापूरहून : "आमच्याकडे फाउंड्र्या आहेत. तिथल्या भट्टीत बेसॉल्ट वितळवून दाखवता येईल का?"

तापमानाची अडचण नाही. बेसॉल्ट १,१०० च्या आसपास वितळू लागतो आणि १,२५० पर्यंत बहुतेक द्रव होतो. ओतीव बेसॉल्टच्या फरशा याच पद्धतीने बनतात. अडचण भट्टीच्या प्रकारात आहे. इंडक्शन भट्टी धातूला तापवते, थंड बेसॉल्ट वीज वाहत नसल्याने तो तसाच राहतो. ग्रॅफाइटची मूस वापरली तर ती तापून बेसॉल्टला वितळवते खरी, पण कार्बन बेसॉल्टमधल्या लोखंडाच्या ऑक्साइडशी प्रक्रिया करतो. वायू सुटून द्रव फेसाळतो, तळाला लोखंडाचे थेंब जमतात, आणि निघणारा वायू कार्बन मोनॉक्साइड असल्याने विषारी असतो.

दगड ओला किंवा झिओलाइटने भरलेला असेल तर तापताना तो उडून फुटतो. घट्ट दगड निवडून, बारीक फोडून, आधी काही तास २०० अंशांवर वाळवावा लागतो. ओतलेला द्रव झटकन थंड झाला तर काळी काच मिळते आणि ती ताणाने तडकते. पुन्हा दगडासारखा पोत हवा असेल तर ९०० अंशांच्या आसपास काही तास धरून मग अगदी सावकाश थंड करावे लागते. हे सगळे फाउंड्रीतल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करावे. आणि पाहणाऱ्यांना एवढे सांगावे, की हे पूर्ण वितळण आहे : जो दगड आत गेला, त्याच रासायनिक घडणीचा द्रव बाहेर येतो. अंशतः वितळण दाखवायचे तर चूर्ण १,१२० अंशांवर दीर्घकाळ धरून झटकन थंड करावे लागते आणि पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. स्फटिकांच्या कडांमधली तपकिरी काच म्हणजे तो पहिला द्रव.